अमानत आणि साक्ष : रुग्णाच्या तपासणी-अहवालावर पोलिसांचा हक्क कोठवर?

सूरह निसाच्या 58 व्या आयतीत अल्लाहने दोन आज्ञा लागोपाठ दिल्या आहेत. अमानती ज्यांच्या त्यांना पोहोचत्या कराव्यात, ही पहिली. आणि लोकांमध्ये निवाडा करावयाचा झाल्यास तो न्यायाने करावा, ही दुसरी. सूरह बकराच्या 283 व्या आयतीतही हीच जोडी आढळते. तेथे प्रसंग कर्जाच्या व्यवहाराचा आहे. ज्याच्यावर विश्वास टाकला गेला त्याने अमानत परत करावी व अल्लाहचे भय बाळगावे, असे सांगून लगेच बजावले आहे की, साक्ष लपवू नका. जो ती लपवतो त्याचे अंतःकरण पापी ठरते. वाचताना या दोन आज्ञांत कोठेही विरोध जाणवत नाही. परंतु व्यवहारात कधी कधी एकच कागद एका बाजूने अमानत असतो आणि दुसऱ्या बाजूने साक्ष.

रुग्णाच्या रक्ताचा किंवा लघवीचा तपासणी-अहवाल हा असा कागद आहे. रुग्ण आपले शरीर डॉक्टरांपुढे उघडे करतो ते बरे होण्यासाठी. जे तो आईवडिलांना, पतीला वा पत्नीला सांगणार नाही, ते त्याचे रक्त प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाला सांगते. उद्या त्या अहवालातून एखाद्या गुन्ह्याचा माग लागत असेल आणि पोलीस तो मागण्यासाठी दारात उभे राहिले, तर तो द्यावा की न द्यावा? आपल्या समाजातील कितीतरी मुलेमुली आज प्रयोगशाळांत, इस्पितळांत, औषधांच्या दुकानांत काम करतात. काही पोलीस दलात आहेत, काही वकिली करतात. त्यांच्यापैकी कोणापुढे हा प्रश्न केव्हा उभा राहील हे सांगता येत नाही. म्हणून त्याचा विचार ग्रंथांच्या आधारे आणि एका घडलेल्या खटल्याच्या आधारे करणे उपयुक्त ठरेल.

चार्ल्स्टनचे इस्पितळ

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात चार्ल्स्टन हे शहर आहे. तेथील वैद्यकीय विद्यापीठाच्या सरकारी इस्पितळात 1988 च्या सुमारास प्रसूतिपूर्व तपासणीसाठी येणाऱ्या स्त्रियांमध्ये कोकेन या अमली पदार्थाचे सेवन वाढल्याची चिंता कर्मचाऱ्यांना वाटू लागली. एप्रिल 1989 पासून ज्या स्त्रियांविषयी संशय असेल त्यांच्या लघवीची कोकेनसाठी चाचणी होऊ लागली. चाचणीत दोष आढळल्यास त्या स्त्रीला व्यसनमुक्तीसाठी समुपदेशनाकडे पाठवले जाई. येथपर्यंत जे घडले ते वैद्यकीच्या मर्यादेतच होते.

पुढे त्याच राज्यातील दुसऱ्या एका शहरात अशा गर्भवतींना अटक होत असल्याची बातमी इस्पितळातील एका परिचारिकेच्या कानी पडली. इस्पितळाच्या वकिलाने जिल्ह्याच्या सरकारी वकिलाला पत्र लिहून सहकार्याची तयारी दर्शवली. इस्पितळ, सरकारी वकील आणि पोलीस यांनी मिळून एक कार्यपद्धती आखली. कोणत्या स्त्रियांची चाचणी घ्यावी याचे नऊ निकष ठरले. प्रसूतिपूर्व तपासणीला मुळीच न आलेली, उशिरा आलेली, कारण स्पष्ट नसताना अकाली कळा सुरू झालेली, अशा स्त्रिया त्यांत मोडत. खटल्यात पुरावा टिकावा म्हणून नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंद ठेवण्याचे ठरले. गर्भ 28 आठवड्यांचा वा अधिक असेल तर केवळ अमली पदार्थ बाळगल्याचाच नव्हे, तर तो अल्पवयीन व्यक्तीला पुरवल्याचाही आरोप ठेवावा, असे निश्चित झाले. ही अल्पवयीन व्यक्ती म्हणजे पोटातील गर्भ.

आरंभी तर प्रसूतीच्या वेळी दोष आढळलेल्या स्त्रीची खबर तत्काळ पोलिसांना जाई आणि तिला अटक होई. 1990 मध्ये बदल झाला व उपचार स्वीकारल्यास अटक टळेल अशी सवलत ठेवण्यात आली. मात्र उपचारात खंड पडला किंवा दुसऱ्यांदा दोष आढळला की अटक. एकूण 30 स्त्रियांना अटक झाली आणि त्यांपैकी 29 कृष्णवर्णीय होत्या. वैद्यकीय सल्ल्यासाठी आलेल्या या स्त्रियांनी जो नमुना दिला, तोच त्यांच्याविरुद्ध साक्षीदार झाला.

त्यांपैकी दहा जणींनी दावा केला. तो 'फर्ग्युसन विरुद्ध चार्ल्स्टन शहर' या नावाने ओळखला जातो. 21 मार्च 2001 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला. पोलिसांच्या हाती पुरावा देण्याच्या हेतूने सरकारी इस्पितळाने रुग्णाच्या संमतीविना चाचणी करणे ही अवाजवी झडती होय, असा त्याचा आशय होता. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिले. अंतिम उद्दिष्ट स्त्रियांना व्यसनातून सोडवण्याचे असेलही. परंतु त्यासाठी वापरलेल्या मार्गाचे तात्काळ प्रयोजन पुरावा गोळा करणे हेच होते, हे त्यांनी दाखवून दिले. इस्पितळाच्या धोरणाच्या लेखी मसुद्यात नमुन्याची साखळी, आरोपांचे प्रकार आणि अटकेची रीत यांचा तपशील होता. आईच्या व्यसनमुक्तीखेरीज आई व बाळ यांच्या निरनिराळ्या वैद्यकीय उपचारांचा मात्र त्यात विचार नव्हता. कागदाचा हेतू कागदच सांगत होता.

तजस्सुस आणि तपास

या खटल्याकडे आपण इस्लामी शिकवणीच्या प्रकाशात पाहू. सूरह हुजुरातच्या 12 व्या आयतीत श्रद्धावंतांना अतिसंशयापासून दूर राहण्यास सांगितले आहे, कारण काही संशय हे पाप असते. आणि त्यापुढेच तजस्सुसला, म्हणजे लोकांच्या झाकलेल्या गोष्टी उकरून काढण्याला, मनाई केली आहे. या क्रमात एक बोध आहे. आधी मनात संशय येतो, मग हात दुसऱ्याच्या पडद्याकडे जातो. चार्ल्स्टनमध्ये नेमके हेच घडले. कोणत्या स्त्रीने कोणता गुन्हा केला याची खबर आधी नव्हती. आधी निकषांची यादी झाली, त्या यादीत बसणाऱ्या प्रत्येक स्त्रीवर संशय घेण्यात आला आणि मग तिच्या शरीरात गुन्हा शोधण्यात आला.

ही मनाई केवळ शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी आहे, सत्तेला ती लागू नाही, असे कोणी म्हणू नये. अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत मुआविया (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस थेट सत्ताधाऱ्याविषयी आहे. लोकांचे दोष धुंडाळत राहिलात तर तुम्ही लोकांनाच बिघडवाल, असा तिचा आशय आहे. त्याच संग्रहात हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांचा प्रसंग आहे. एका माणसाला त्यांच्यापुढे उभे करून सांगण्यात आले की, याच्या दाढीतून मद्य ठिबकते आहे. त्यांनी उत्तर दिले की, आम्हांला तजस्सुसची मनाई आहे. मात्र एखादी गोष्ट आमच्यासमोर उघड झाली तर आम्ही तिची दखल घेऊ. हजरत उमर (रजि.) यांचा भिंत ओलांडण्याचा प्रसंग तर आपल्याकडे वाअजमध्ये नेहमी सांगितला जातो. रात्री गस्त घालताना एका घरातून आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत उतरले आणि घरातील माणसाला पापकर्मात पाहून त्याची निर्भर्त्सना केली. तो माणूस म्हणाला की, मी एक अवज्ञा केली, आपण तीन केल्या. आपण तजस्सुस केला, दाराऐवजी भिंतीवरून आलात आणि परवानगी व सलाम यांविना आत शिरलात. खलीफांनी ते मान्य केले व त्याला सोडून दिले. इमाम गजाली यांनी हा प्रसंग आवर्जून नोंदवला आहे. येथे पाप खरे होते, पकडणारा न्यायी होता, हेतूही निर्मळ होता. तरी मार्ग चुकीचा म्हणून कारवाई थांबली.

म्हणजे इस्लाम गुन्ह्याचा तपासच नाकारतो काय? मुळीच नाही. मक्का-विजयापूर्वीचा हजरत हातिब बिन अबी बलतआ (रजि.) यांच्या पत्राचा प्रसंग सहीह बुखारीत आहे. त्यांनी मक्केच्या कुरैशांना मुस्लिमांच्या हालचालींची खबर देणारे पत्र एका स्त्रीच्या हाती पाठवले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अली (रजि.) व त्यांच्या साथीदारांना रवाना केले आणि सांगितले की, 'रौजा खाख' येथे एक प्रवासी स्त्री भेटेल, तिच्याजवळ पत्र आहे, ते घेऊन या. तिने आधी नकार दिला. पत्र काढ, नाहीतर झडती घ्यावी लागेल, असे कठोरपणे सांगितल्यावर तिने ते केसांतून काढून दिले. आता ही खबर वह्यीच्या आधारे होती आणि तसे ज्ञान आज कोणाला नाही, हे खरे. म्हणून तर त्यातील शिस्त अधिक ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्ञान निश्चित असूनही ठिकाण नेमके सांगितले, व्यक्ती नेमकी सांगितली, वस्तू नेमकी सांगितली. त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचे सामान उलटेपालटे करण्याचा हुकूम झाला नाही. पत्र मिळताच शोध संपला आणि हजरत हातिब (रजि.) यांना बोलावून प्रथम त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यात आले.

याच धाग्याला धरून अल्लामा मावर्दी (निधन इ.स. 1058) यांनी 'अल-अहकाम अस-सुल्तानिया' या ग्रंथात राज्याच्या अधिकाऱ्याची मर्यादा आखली. जे उघड झालेले नाही ते त्याने हुडकू नये. परंतु एखाद्या विश्वासू माणसाने येऊन सांगितले की, अमुक इसम अमुकाला ठार मारण्यासाठी एकांतात घेऊन गेला आहे, तर मात्र त्याने थांबू नये, कारण उशीर झाल्यास होणारी हानी भरून निघणारी नसते. तजस्सुस आणि तपास यांतील भेद यातून स्पष्ट होतो. तपासात गुन्हा आधी समोर येतो आणि माणसाचा शोध नंतर घेतला जातो. तजस्सुसमध्ये माणूस आधी निवडला जातो आणि त्याच्यात गुन्हा शोधला जातो.

ज्या कामासाठी दिली, त्याच कामासाठी

चार्ल्स्टनच्या खटल्यात विरोधी मत देणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्यांचे म्हणणे असे होते की, लघवीचा नमुना त्या स्त्रियांनी आपण होऊन दिला. तो कोणी बळजबरीने काढून घेतला नाही. एखादी वस्तू स्वेच्छेने दुसऱ्याच्या हाती दिल्यावर त्या दुसऱ्याने तिच्यातून निघालेली माहिती पोलिसांना दिली, तर तिला झडती कसे म्हणावे?

मदरशात फिकह शिकणारा विद्यार्थी 'वदीअत' म्हणजे ठेव आणि 'आरियत' म्हणजे उसनवार या प्रकरणांत याचे उत्तर वाचत असतो. कोणी आपला घोडा सांभाळण्यासाठी ठेवला आणि ठेवून घेणारा त्यावर स्वार होऊन निघाला, तर त्याने विश्वासघात केला. घोड्याला काही झाल्यास भरपाई त्याच्यावर. घोडा अमुक गावापर्यंत जाण्यासाठी उसना घेतला आणि त्यापुढे नेला, तरी तेच. घोडा मालकाने राजीखुशीने दिला होता, हा बचाव तेथे चालत नाही. कारण संमती वस्तूला नव्हे, प्रयोजनाला दिलेली असते. प्रयोजन बदलले की संमती संपते. लघवीचा नमुना आजार कळावा म्हणून दिला होता. तो ज्या क्षणी आरोपपत्राचा मजकूर झाला, त्या क्षणी उसना घोडा ठरलेल्या गावाच्या पुढे गेला.

अमानत वस्तूचीच असते असेही नाही. अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांतील एका हदीसचा आशय असा आहे की, एखादा माणूस काही बोलताना इकडेतिकडे वळून पाहू लागला, तर त्याचे ते बोलणे अमानत होय. तोंडाने 'कोणाला सांगू नका' म्हणण्याचीही गरज नाही. त्याचे वळून पाहणे पुरेसे आहे. दवाखान्यात पडद्याआड जाऊन, आवाज खाली करून बोलणारा रुग्ण याहून वेगळे काय करत असतो? ओआयसीच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने जून 1993 मध्ये ब्रुनेई येथे वैद्यकीय गुप्ततेवर जो ठराव केला, त्यातही हेच तत्त्व आहे. रुग्णाचे गुपित ही अमानत आहे आणि सबळ कारणावाचून ते उघड करणारा दोषी आहे. ज्या अपवादात्मक स्थितीत ते उघड करावे लागते, ती स्थिती कायद्याने आधीच स्पष्ट करून ठेवावी, असेही अकादमीने म्हटले आहे.

पोटातल्या बाळाचे काय?

आता सर्वांत अवघड आक्षेप. व्यसन करणाऱ्या स्त्रीचे पाप तिच्यापुरते नव्हते. पोटात एक जीव होता, त्याला बोलता येत नव्हते. त्याच्या हक्कासाठी राज्याने उभे राहायचे नाही, तर कोणी? आपण तर असे मानतो की नशा हराम आहे, आणि गर्भाला इजा पोहोचवणाऱ्यावर शरीअतने दंड ठेवला आहे. जे पाप केवळ बंदा आणि अल्लाह यांच्यामधले आहे त्यावर पडदा घालावा. पण जेथे दुसऱ्या माणसाचा हक्क बुडतो तेथे पडद्याची सबब चालत नाही, हे आपलेच तत्त्व आहे. या आक्षेपाला बगल देऊन पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

त्याचे उत्तर सहीह मुस्लिममधील गामिद घराण्याच्या स्त्रीच्या प्रसंगात मिळते. ती आपण होऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली, व्यभिचाराची कबुली दिली आणि आपण गर्भवती असल्याचे सांगितले. कोणी तिला शोधून आणले नव्हते. आपण तिला सांगितले की, बाळंत होईपर्यंत परत जा. ती बाळाला घेऊन आली, तेव्हा सांगितले की, याचे दूध सुटेपर्यंत जा. मूल भाकरीचा तुकडा हातात धरण्याइतके झाले, ते एका मुस्लिमाच्या स्वाधीन केले गेले आणि मगच शिक्षेचा विषय पुढे गेला. कबुली होती, गुन्हा सिद्ध होता, कायदा स्पष्ट होता. तरी बाळाच्या हक्काने शिक्षेला दोन-दोनदा थांबवले. बाळाच्या नावाने आईला धरणे आणि बाळासाठी आईला सोडणे, या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे! चार्ल्स्टनमध्ये ज्या बाळांच्या रक्षणासाठी हे सारे चालल्याचे सांगितले जात होते, त्यांच्यापैकी काहींच्या माता प्रसूतीनंतर लगेच अटकेत गेल्या.

दुसरी गोष्ट परिणामाची. नुकसान दूर करताना तेवढेच किंवा त्याहून मोठे नुकसान ओढवू नये, हा फिकहचा सर्वमान्य नियम आहे. अमेरिकेतील डॉक्टरांच्या व सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील प्रमुख संघटनांनी त्या खटल्यात न्यायालयापुढे हेच मांडले की, दवाखान्यात गेल्यास अटक होते असे कळल्यावर व्यसनी स्त्रिया दवाखान्याकडे फिरकणारच नाहीत. मग ना आईवर उपचार, ना बाळाची तपासणी. ज्याच्या हक्कासाठी पडदा फाडला, त्याच्याच हाती काही लागत नाही. हा तोटा त्या एका स्त्रीपुरता राहत नाही, प्रत्येक पुढच्या स्त्रीला तो सोसावा लागतो.

तिसरी गोष्ट न्यायाची. सूरह निसाची आयत अमानतीबरोबरच न्यायाचा हुकूम देते. अटक झालेल्या 30 पैकी 29 जणी एकाच वर्णाच्या असतील, तर संशयाची वाटणी कशी झाली असेल हे सांगावे लागत नाही. ज्या गरीब स्त्रीला तपासणीला वेळेवर येता आले नाही, ती नऊ निकषांत आपोआप अडकली. खासगी दवाखान्याचे शुल्क भरू शकणारी त्या जाळ्याबाहेर राहिली. संशयाला मोकळे सोडले की तो नेहमी दुबळ्याच्याच दारात जाऊन उभा राहतो. हा अनुभव आपल्या वाचकांना नवा नाही.

गुप्तता कोठे मागे सरते?

इतके म्हटल्यावर दुसऱ्या टोकाला जाणेही योग्य नाही. अमानत हे गुन्हेगाराचे आश्रयस्थान नव्हे. बलात्कारित स्त्रीच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल न्यायालयात गेलाच पाहिजे; तो तिच्याच हक्काचा पुरावा आहे. रक्ताच्या किंवा डीएनएच्या चाचणीने एखादा निरपराध फाशीपासून वाचणार असेल, तर ती माहिती दडवणारा साक्ष लपवणारा ठरेल. रुग्णाने एखाद्या विशिष्ट व्यक्तीच्या जिवावर उठल्याचे डॉक्टरांना सांगितले, तर मौन हे पाप आहे. मावर्दींचे उदाहरण हेच शिकवते. चार्ल्स्टनच्या निकालातही हा भेद पाळला आहे. नेहमीचे उपचार करताना डॉक्टरांच्या नजरेस काही आले आणि कायद्याने ते कळवणे भाग असेल, तर ती गोष्ट निराळी. पुरावा मिळवण्यासाठीच चाचणी करणे, ही निराळी. पहिली गोष्ट हजरत इब्ने मसऊद (रजि.) यांनी सांगितलेल्या 'समोर उघड झालेल्या' गोष्टीसारखी आहे, दुसरी भिंत ओलांडण्यासारखी.

माझ्या अल्पमतीप्रमाणे, अहवाल देण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. गुन्हा घडल्याचे आधीच समोर आले आहे की अहवालातूनच गुन्हा शोधायचा आहे? ज्याचा अहवाल मागितला जातो त्याच्याविषयी ठोस कारण आहे की तो केवळ एखाद्या गटात मोडतो? जेवढे आवश्यक तेवढेच मागितले आहे की सारी फाईल? आणि हे सारे ठरवणारा कोण आहे, पुरावा हवा असणारा अधिकारी की दोन्ही बाजूंपासून अलिप्त असलेला न्यायाधीश? गरजेपोटी मिळालेली सूट गरजेपुरतीच असते, हा फिकहचा नियम तिसऱ्या प्रश्नामागे आहे. चौथा प्रश्न तर साध्या न्यायबुद्धीचा आहे. ज्याला वस्तू हवी आहे, त्यानेच तिच्यावर आपला हक्क आहे की नाही हे ठरवू नये.

आपल्या देशात

भारतीय कायद्याची स्थिती आपल्या वाचकांनी जाणून घ्यावी. वकील आणि अशील यांच्यातील बोलण्याला साक्षीच्या कायद्याने जे संरक्षण दिले आहे, तसे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील बोलण्याला दिलेले नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 94 व्या कलमानुसार न्यायालय किंवा पोलीस ठाण्याचा प्रमुख अधिकारी तपासासाठी आवश्यक दस्तऐवज हजर करण्यास सांगू शकतो. अटक केलेल्या आरोपीच्या वैद्यकीय तपासणीची तरतूद 51 व्या कलमात आहे. दुसरीकडे, डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचे 2002 चे नियम रुग्णाचे गुपित उघड करण्यास मनाई करतात आणि न्यायालयात पीठासीन न्यायाधीशाचा आदेश असणे, एखाद्या निश्चित व्यक्तीला वा समाजाला गंभीर धोका असणे, किंवा साथीचा कळवण्यायोग्य रोग असणे, एवढेच अपवाद ठेवतात. एचआयव्हीच्या बाबतीत 2017 चा विशेष कायदा अधिक कडक असून, एखाद्याला आपली एचआयव्हीची स्थिती सांगण्यास भाग पाडायचे तर न्यायहितासाठी ते आवश्यक असल्याचा आदेश लागतो. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले आहे.

चार्ल्स्टनशी जवळचे नाते सांगणारा आपल्याकडील प्रश्न अल्पवयीन गर्भवतींचा आहे. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीबाबत लैंगिक गुन्हा घडल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हा कायदा मुलांच्या रक्षणासाठी आहे आणि त्याची गरज कोणी नाकारू नये. घरातल्याच माणसाकडून अत्याचार सोसणाऱ्या मुलीसाठी तो एकच आधार असू शकतो. परंतु नाव पोलिसांत जाईल या भीतीने मुलगी आणि तिचे आईबाप दवाखान्याऐवजी कोणा अडाणी माणसाकडे वळले, तर तिच्या जिवावर बेतते. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा धोका ओळखला. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास, डॉक्टरांनी पोलिसांना खबर देताना तिचे नाव व ओळख देण्याची आवश्यकता नाही, असे स्पष्टीकरण न्यायालयाने दिले. खबर दिली जाते, म्हणजे साक्ष लपत नाही. नाव झाकले जाते, म्हणजे अमानत मोडत नाही. पापाला यातून मोकळीक मिळते असे कोणी समजू नये. व्यभिचाराविषयी आपली भूमिका कुरआनने ठरवून दिलेली आहे आणि ती बदलणारी नाही. पण एका मुलीचा जीव वाचवणे हाही त्याच कुरआनचा आदेश आहे.

आपली जबाबदारी

सरकार आणि न्यायालय यांच्याविषयी बोलणे सोपे असते. प्रत्यक्षात रुग्णाची अमानत पोलिसांच्या मागणीने जितकी मोडते, त्याहून अधिक ती आपल्याच जिभेने मोडते. कोणाचा अहवाल काय आला, कोणाच्या मुलीने कसली तपासणी केली, कोणाला कोणता आजार आहे, हे मोहल्ल्यात व्हॉट्सॲपवर फिरते तेव्हा त्यामागे कोणताही हुकूम नसतो. ज्या आयतीने तजस्सुसला मनाई केली तिनेच त्यापुढे गीबतला मनाई केली आहे आणि तिची तुलना मेलेल्या भावाचे मांस खाण्याशी केली आहे. शोधणारा हात आणि पसरवणारी जीभ यांना अल्लाहने एकाच ठिकाणी रोखले आहे.

हजरत माइज (रजि.) यांना जाऊन कबुली देण्याचा सल्ला हजरत हज्जाल (रजि.) यांनी दिला होता. पुढे प्रेषित मुहम्मद (स.) त्यांना म्हणाले की, तू त्याला आपल्या वस्त्राने झाकले असतेस तर ते तुझ्यासाठी अधिक चांगले झाले असते. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. चार्ल्स्टनच्या परिचारिकांचाही कदाचित नसेल. चांगल्या हेतूच्या माणसालाच ही शिकवण अधिक लागू पडते, कारण वाईट हेतूच्या माणसाला आपण काय करतो आहोत हे ठाऊक असते.

म्हणून प्रयोगशाळेत वा इस्पितळात काम करणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींना विनंती आहे की, अहवाल मागणाऱ्याला उद्धटपणे नाकारू नये आणि घाबरून साऱ्या फायलीही त्याच्यापुढे ठेवू नयेत. मागणी लेखी आहे का, कोणत्या गुन्ह्यासाठी आहे, नेमका कोणता कागद हवा आहे, न्यायालयाचा आदेश आहे का, हे अदबीने विचारावे, आपल्या वरिष्ठांना व कायदा जाणणाऱ्याला विचारून पाऊल टाकावे, आणि कायद्याने देणे भाग असेल ते सचोटीने, काही न दडवता व काही न वाढवता द्यावे. पोलीस दलातील बंधूंना विनंती आहे की, ज्या कागदाची गरज आहे तेवढाच मागावा. उरलेला पडदा आहे तसा राहू द्यावा. जो एखाद्या मुस्लिमाचा दोष झाकतो त्याचा दोष अल्लाह कयामतच्या दिवशी झाकील, असे वचन हदीसमध्ये आहे. त्या दिवशी आपले स्वतःचे हातपाय आणि कातडी साक्ष देतील, हेही कुरआनने सांगून ठेवले आहे. शरीराकडून अशी साक्ष घेण्याचा पूर्ण हक्क त्या एका न्यायाधीशाचा आहे. त्याने आपल्याला दिलेला हक्क मर्यादित आहे आणि त्या मर्यादेचा हिशेबही तोच घेणार आहे. अल्लाह आपणां सर्वांना अमानत जपण्याची आणि साक्षीची वेळ आल्यास न डगमगता ती देण्याची तौफीक देवो. आमीन.